डफ बिअर आणि मोहाची दारू: नाव कोणाचं?

'द सिम्पसन्स' ही अमेरिकन कार्टून मालिका आपल्याकडच्याही अनेकांनी इंग्रजी चॅनेलवर पाहिली असेल. डिसेंबर 1989 मध्ये ती सुरू झाली आणि अजून चालू आहे. तिचा नायक होमर हा अणुवीज केंद्रात नोकरी करणारा, आळशी, खादाड आणि बऱ्यापैकी मूर्ख गृहस्थ. तो कायम एकाच ब्रँडची बिअर पितो. तिचं नाव 'डफ'. सुरुवातीला ही बिअर कुठल्याच कारखान्यात तयार होत नव्हती. मालिकेचे जनक मॅट ग्रेनिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या बड्या बिअर कंपन्यांची आणि त्यांच्या भपकेबाज जाहिरातींची टिंगल करायला हा ब्रँड चितारला होता. 1993 च्या एका भागात होमर डफचा कारखाना बघायला जातो. तिथे 'डफ', 'डफ लाइट' आणि 'डफ ड्राय' अशी तीन वेगवेगळी नावं टाक्यांवर दिसतात आणि तिन्ही टाक्या एकाच पाइपमधून भरत असतात. हा विनोद लक्षात ठेवा, तो आपल्याला महाराष्ट्रातही भेटणार आहे.

1990 च्या दशकाच्या मध्याला ऑस्ट्रेलियातल्या बिअर कंपन्यांनी खरोखरच 'डफ बिअर' नावाचे कॅन बाजारात आणले. कॅनवर होमरचं चित्र नव्हतं की मालिकेचं नाव नव्हतं. नुसतं 'डफ' पुरेसं होतं. मालिकेची मालक कंपनी ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स कोर्टात गेली. गंमत अशी की फॉक्सने बिअरचा एक कॅनही कधी विकला नव्हता. ग्रेनिंग यांची भूमिका तर अशी सांगितली जायची की मालिका मुलंही बघतात, तेव्हा या नावाची खरी बिअर निघूच नये. तरीही 1996 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या फेडरल कोर्टात न्यायमूर्ती टॅम्बर्लिन यांनी फॉक्सच्या बाजूने निकाल दिला. या नावाशी लोकांच्या मनात मालिकेचं जे नातं आहे त्याचा कंपन्यांनी जाणूनबुजून फायदा उठवला, असं कोर्टाला दिसलं. बाजारातून गेलेले ते कॅन पुढे शौकिनांच्या संग्रहातली वस्तू झाले.

त्यानंतर मेक्सिकोत, जर्मनीत आणखी कोणी कोणी डफ काढली, तिथेही वाद झाले. अखेर मालकांनाच या नावात धंदा दिसला. 2013 मध्ये फ्लोरिडातल्या युनिव्हर्सल स्टुडिओत सिम्पसन्सचं आख्खं गाव उभं राहिलं आणि तिथे डफ अधिकृतपणे मिळू लागली. 2015 मध्ये फॉक्सने चिलीमध्ये ती परवान्यासह बाजारात आणली. बिअरच्या कंपन्यांची खोड काढायला जन्मलेलं नाव शेवटी बिअरच्या कॅनवरच जाऊन बसलं.

मी दारू पीत नाही, त्यामुळे डफची चव कशी हे मला ठाऊक नाही आणि ठाऊक करून घ्यायचंही नाही. मला रस आहे तो कोर्टाच्या निकालात. जी वस्तू अस्तित्वातच नव्हती तिचं नाव सुद्धा कोणाच्या तरी मालकीचं असू शकतं, आणि ते दुसऱ्याने वापरलं तर कायदा मालकाच्या पाठीशी उभा राहतो. आपल्या देशात दारूच्या जाहिरातीला बंदी असल्यामुळे याचा उलटा प्रकारही आपण रोज बघतो. दारूच्या ब्रँडचं नाव सोड्यावर, पाण्याच्या बाटलीवर, कॅलेंडरवर झळकतं. सोडा कोणी विकत घेतो की नाही याची कंपनीला फिकीर नसते. नाव कानावर पडत राहिलं की झालं. नावाची किंमत दारू कंपन्यांना चांगलीच कळते.

आता चंद्रपूर आणि गडचिरोलीकडे येऊ. इथे एक दारू अशी आहे की जी कित्येक पिढ्या अस्तित्वात आहे, पण तिच्या नावाचा मालक म्हणून कायद्याने कोणालाही कधी ओळखलं नाही. उलट ती ज्यांची, त्यांनाच गुन्हेगार ठरवलं.

26 ऑगस्ट 1982 रोजी गडचिरोली वेगळा होईपर्यंत हा सगळा एकच जिल्हा होता, इंग्रजांच्या कागदपत्रांतला 'चांदा'. या जंगलात मोहाचं झाड म्हणजे घरातल्या कर्त्या माणसासारखं. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे त्याची मांसल, पिवळसर पांढरी फुलं टपटप खाली पडतात. बायका-मुलं उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली हजर असतात. फुलं नीट दिसावीत म्हणून खालचा पालापाचोळा कधी कधी पेटवतात, आणि त्यातून वणवे लागतात म्हणून वनखातं चिडतं. वाळलेल्या फुलात निम्म्याहून जास्त साखर असते. दुष्काळात लोकांनी ही फुलं उकडून, भाजून, भाकरीत घालून दिवस काढले आहेत. बियांचं तेल निघतं. दारू हा या झाडाचा एक उपयोग आहे, एकमेव नव्हे.

दारू काढायची रीत साधी आहे. वाळलेली फुलं काही दिवस पाण्यात भिजत घालायची. ती आंबली की त्याला म्हणतात सडवा. पोलिसांच्या बातम्यांत 'मोहसडवा नष्ट' हे शब्द तुम्ही वाचले असतील, तोच हा. सडव्याचं मडकं चुलीवर चढवायचं, वाफ वरच्या भांड्यात धरायची, थंड पाण्याने ती निववायची आणि नळीतून पडणारी धार गोळा करायची. पहिली धार सर्वांत कडक. मराठीत आपण कशालाही 'पहिल्या धारेचा' म्हणतो. पहिल्या धारेचा पुणेकर, पहिल्या धारेचं राजकारण. हा शब्द भट्टीवरून आला आहे. शहरातल्या माणसाला शब्द हवा असतो, विनोदाला उपयोगी पडतो. तमाशाच्या वगात, सिनेमात झिंगलेला खेडूत आला की हशा ठरलेला. 'मोहाची' म्हटलं की ऐकणारा आपोआप गालात हसतो.

गोंड आणि माडिया घरांत मात्र ती हसण्याची गोष्ट नाही. जन्म, लग्न, मरण, देवाची पूजा, पूर्वजांची आठवण, या सगळ्यांत मोहाच्या दारूचे थेंब जमिनीवर सांडले जातात आणि मग माणसं घेतात. हे आपल्याला पटो न पटो, त्यांच्या विधीचा तो भाग आहे.

या दारूवर सरकारची नजर पडली ती पैशासाठी. मुंबई इलाख्यात 1878 चा अबकारी कायदा आला आणि दारू गाळणं सरकारच्या देखरेखीखालच्या मोठ्या भट्ट्यांकडे आणि मक्तेदारांकडे गेलं. उरण हे त्या भट्ट्यांचं मोठं ठिकाण होतं. तिथे मोहाचीच दारू निघायची, गुजरातेतून फुलं यायची. म्हणजे मोहाची दारू सरकारला चालत होती. चालत नव्हता तो फक्त ती घरी काढणारा माणूस, कारण तो कर देत नव्हता. मग 1892 मध्ये खास मोहफुलांसाठी कायदा झाला, बॉम्बे म्होवरा अ‍ॅक्ट. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फुलांवरच बंधन आलं. झाडावरून आपोआप पडणाऱ्या फुलासाठी केलेला हा कायदा जगात किती ठिकाणी सापडेल? चांदा तेव्हा मध्य प्रांतात होता. तिथला कायदा वेगळा, पण गोष्ट तीच: ठेके, लिलाव, परवाने. ठेकेदार श्रीमंत झाला आणि फुलं वेचणारा त्याचा गिऱ्हाईक झाला.

स्वातंत्र्यानंतर 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला. 1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला, आणि चांद्याचं जंगलही या कायद्याच्या छायेत आलं. पुढे दारूबंदी सैल होत गेली आणि 1973 मध्ये 'देशी दारू'चे नियम झाले. हा 'देशी' शब्द जरा तपासून बघा. परवान्याच्या दुकानात जी देशी दारू मिळते ती साखर कारखान्यातल्या मळीच्या स्पिरिटपासून होते. त्यात पाणी, रंग, वास घातला की झाली तयार. विदर्भातली प्रसिद्ध 'संत्रा' संत्र्याची नसते. लेबलं अनेक, स्पिरिट एकाच जातीचं. होमरने पाहिलेला तो एकच पाइप हाच. ज्या दारूत इथलं एक फूलही नाही ती कायद्याने 'देशी' झाली, आणि जंगलातल्या फुलाची ती 'हातभट्टी', 'गावठी', 'अवैध'. साखरेच्या धंद्याची राजकारणात किती वट आहे हे ज्याला माहीत आहे त्याला याचं फार आश्चर्य वाटणार नाही.

इथवर वाचून कोणाला वाटेल की मी मोहाच्या दारूची वकिली करतोय. तसं नाही. दारूने या दोन जिल्ह्यांत जे केलं ते बायकांना विचारा. 1980 च्या दशकाच्या अखेरीला गडचिरोलीत दारूविरोधी चळवळ उभी राहिली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग तिच्यात होते, पण तिचं बळ गावोगावच्या बायका होत्या. 1993 मध्ये जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली आणि ती आजही आहे. 2016 पासून 'मुक्तिपथ' अभियान तिथे काम करतं. चंद्रपुरात पारोमिता गोस्वामी यांच्या 'श्रमिक एल्गार'ने बायकांना रस्त्यावर आणलं, 2010 मध्ये चिमूरहून थेट नागपूरच्या अधिवेशनावर चालत मोर्चा नेला. 1 एप्रिल 2015 ला चंद्रपुरातही दारूबंदी आली. 27 मे 2021 ला राज्य मंत्रिमंडळाने ती उठवली. अवैध दारू आणि गुन्हे वाढले, महसूल बुडाला, असं कारण दिलं गेलं. ज्या बायका चिमूरहून नागपूरपर्यंत चालल्या होत्या त्यांना या हिशेबात कुठे जागा होती, हे मला त्या निर्णयात दिसलं नाही.

म्हणजे दारूबंदी मागणाऱ्याही बायका आणि घरात मोहाची भट्टी लावणाऱ्याही बऱ्याचदा बायकाच. दोघी कधी कधी एकाच गावातल्या असतात. एकीचा नवरा दारूने गेलेला असतो, दुसरीला नवरा गेल्यावर दारू विकून मुलं वाढवावी लागतात. बाहेरून आलेल्या माणसाने या दोघींमध्ये न्याय करणं अवघड आहे.

कायद्यानेही हे कधी कधी ओळखलं आहे. 1975 मध्ये केंद्र सरकारने आदिवासी भागांतल्या अबकारी धोरणासाठी राज्यांना मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांचा मथितार्थ असा की आदिवासी भागात दारूची दुकानं, ठेके बंद करा आणि घरच्या वापरापुरती पारंपरिक दारू काढायला मोकळीक द्या. पुढे 1996 चा पेसा कायदा आला. त्याने अनुसूचित क्षेत्रात मादक पदार्थांवर बंदी घालायची, नियमन करायचं की निर्बंध घालायचे, हा अधिकार ग्रामसभेकडे सोपवायला सांगितलं. त्याच कलमात गौण वनोपजाची मालकीही ग्रामसभेकडे आली, आणि मोहफूल हे गौण वनोपज. महाराष्ट्राने पेसाचे नियम केले 2014 मध्ये, म्हणजे 18 वर्षांनी. गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडमध्ये आदिवासींना घरच्या वापरापुरती दारू काढता येते. हद्दीच्या अलीकडे तेच मडकं गुन्ह्याचा मुद्देमाल होतं. दोन्हीकडे एकाच कुळाची माणसं राहतात, सोयरिकी होतात.

आपल्या वाचकांना इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. दारूबंदी म्हटलं की आपल्याला बरं वाटतं, आणि वाटावंच. खम्र आपल्यासाठी हराम आहे, त्यात दुमत नाही. पण हनफी फिक्हमध्ये एक मसला आहे जो मला फार महत्त्वाचा वाटतो. बाराव्या शतकातल्या मरगिनानी यांच्या 'हिदाया'त, 'गसब' म्हणजे दुसऱ्याचा माल बळकावण्याच्या प्रकरणात तो येतो. मुसलमानाची दारू कोणी सांडली तर भरपाई नाही, कारण मुसलमानाच्या हातात ती मालच नाही. पण मुसलमान राज्यातल्या बिगर-मुस्लिम प्रजाजनाची दारू एखाद्या मुसलमानाने नष्ट केली तर त्याला तिची किंमत भरून द्यावी लागते, कारण त्या माणसाच्या धर्मात ती माल आहे. शाफई इमामांना हे मान्य नाही, आणि आपले कोकणी बांधव शाफई असल्याने ते माझ्याशी वाद घालतील, घालावा. माझा मुद्दा असा की दारूला हराम मानणाऱ्या, त्यावर शिक्षा सांगणाऱ्या फकीहांनीसुद्धा 'मला निषिद्ध' आणि 'तुझं लुटायला मोकळं' यांत फरक केला. एकोणिसाव्या शतकातल्या अबकारी खात्याला दारू निषिद्ध नव्हती, ती विकून त्याची तिजोरी भरत होती. तरी त्याने आदिवासीचं मडकं फोडलं. यात नीतीचा भाग किती आणि महसुलाचा किती, हे मी वेगळं सांगायची गरज नाही.

आणि आता, गेल्या काही वर्षांत, मोहाची दारू अचानक कौतुकाची वस्तू झाली आहे. 2018 मध्ये डेस्मंड नाझरेथ यांच्या कंपनीने 'डीजे महुआ' बाजारात आणली. गोव्यातल्या बारमध्ये ती नवलाईची चीज म्हणून ठेवली गेली. 2021 मध्ये मध्य प्रदेश सरकारने मोहाच्या दारूला 'हेरिटेज' म्हणजे वारशाची दारू म्हणून विकायचं ठरवलं, आणि आलिराजपूरला आदिवासी बचत गटाच्या हातून 'मोंड' नावाची बाटली निघाली. आपल्या राज्यात डहाणूच्या साउथ सीज डिस्टिलरीने 2024 मध्ये 'सिक्स ब्रदर्स महुरा' आणली. डहाणू आता पालघर जिल्ह्यात आहे, पण 2014 पर्यंत तो ठाणे जिल्हाच होता. 1892 च्या कायद्याने ज्या जिल्ह्यात मोहफूल संशयित ठरवलं, त्याच जिल्ह्यातून मोहाची महागडी बाटली बाहेर पडली. बारवाला गिऱ्हाइकाला सांगतो, हे खास जंगलचं आहे. कालपर्यंत ज्या शब्दावर लोक हसत होते तो आज लेबलवर छापला जातो.

मला या कंपन्यांचा राग नाही. त्यांनी परवाने घेतले, भांडवल घातलं, कायद्याने धंदा केला. मध्य प्रदेशात निदान बचत गटाचा हात तरी आहे. पण डफच्या खटल्याशी हे ताडून बघा. तिथे चित्रकारांनी गमतीत काढलेल्या नावाला मालक होता, वकील होता, न्यायमूर्तींनी त्याचं म्हणणं उचलून धरलं. इथे नाव, रीत, फूल, भांडं, 'पहिली धार' हा शब्दसुद्धा ज्यांचा, त्यांना विचारायला कोणी गेलं नाही. विचारायचं तरी कोणाला, असं कंपनीचा माणूस म्हणेल. खरं तर उत्तर आपल्या देशातच आहे. गोव्याच्या काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. गोव्याबाहेर गाळलेल्या काजूच्या दारूला आता फेणी म्हणता येत नाही. एका भागातल्या लोकांची सामायिक रीत कायद्याच्या चौकटीत बसू शकते, हे फेणीने दाखवलं आहे.

गडचिरोलीत मात्र असं मानांकन मागायचं तरी कसं? जी वस्तू जिल्ह्यात गाळणंच गुन्हा आहे तिच्या नावावर हक्क सांगायला जाणारा माणूस आधी आरोपी होईल. आणि समजा उद्या मुभा मिळाली, तरी कित्येक गावांतल्या बायका म्हणतील की आम्हाला ही बाटलीही नको आणि मडकंही नको. त्यांचं तसं म्हणणं असेल तर ते मानलं पाहिजे, आणि मला स्वतःला ते ऐकून आनंदच होईल. पेसाने हा निर्णय ग्रामसभेला दिला आहे तो याचसाठी. एखादं गाव ठरवेल की फक्त पूजेपुरती, एखादं ठरवेल की अजिबात नाही, एखादं फुलांचे लाडू आणि सरबत करून विकेल. गावाने ठरवलेली बंदी आणि गावावर लादलेली बंदी यांचा निकाल कागदावर सारखाच दिसतो, पण सडव्याचं मडकं कोण फोडतं याने फरक पडतो.

2020 मध्ये केंद्राने वाळलेल्या मोहफुलांचा किमान आधारभूत भाव किलोला 30 रुपये केला. 2021 मध्ये महाराष्ट्र सरकारने मोहफुलं गोळा करण्यावरचे, साठवण्यावरचे आणि वाहतुकीवरचे जुने निर्बंध उठवले. आज वैनगंगेच्या एका तीरावर, चंद्रपुरात, मळीची दारू परवान्याच्या दुकानात खुलेआम मिळते आणि दुसऱ्या तीरावर, गडचिरोलीत, दारूबंदी आहे. मोहफूल दोन्ही तीरांवर पडतं. गडचिरोलीच्या आठवडी बाजारात बाई ते पायलीने मोजून व्यापाऱ्याला विकू शकते. ते तिने घरी भिजत घातलं तर खटला, आणि पोतं जिल्ह्याबाहेरच्या परवानाधारक कारखान्यात पोचलं तर वारसा.